कादंबरी सॉफ्टवेअरमध्ये नीट दिसते, एक्स्पोर्ट केली की बिघडते: दोष शोधायचा कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. चाळीस प्रकरणांची कादंबरी स्क्रिव्हनर या लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून पूर्ण झाली. प्रकाशकाला वर्डची फाइल आणि पीडीएफ द्यायची आहे, पुढेमागे ईपबही (ई-पुस्तकाची फाइल) करायचं आहे. एक्स्पोर्ट केल्यावर दोन प्रकरणं गायब होतात आणि काही ठिकाणी नुसतीच शीर्षकं उरतात. वर्डमध्ये मराठी मजकूर कुठे बारीक तर कुठे मोठा दिसतो, पीडीएफमध्ये अक्षरांच्या जागी चौकोन येतात आणि डॉक्स फाइल उघडताना वर्ड मधूनच ‘फाइल खराब आहे’ म्हणतो. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं तरी फरक पडला नाही. तेव्हा आता सगळं हाताने कॉपी-पेस्ट करावं का, असं तुम्ही विचारता आहात.

कॉपी-पेस्ट करू नका. चाळीस प्रकरणं हाताने चिकटवताना एखादा प्रसंग सुटतो, एखादा दोनदा पडतो आणि ते बहुधा प्रुफं आल्यावरच कळतं. शिवाय संपादकाने दुरुस्त्या सांगितल्या की तोच उद्योग पुन्हा करावा लागतो.

मजकुराची काळजी तूर्त बाजूला ठेवा, तो जवळजवळ नक्की शाबूत आहे. एक्स्पोर्ट करताना सॉफ्टवेअर प्रकल्पातलं वाचतं आणि नवी फाइल तयार करतं. मूळ मजकुराला ते हात लावत नाही. तरीही पुढचं काहीही करण्याआधी सॉफ्टवेअर बंद करा आणि प्रकल्पाचं अख्खं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून ठेवा. बंद करूनच, कारण उघड्या प्रकल्पाची कॉपी अर्धवट उतरू शकते.

आता मूळ मुद्दा. स्क्रिव्हनरमध्ये तुम्हाला सलग कादंबरी दिसते, पण डिस्कवर तशी सलग कादंबरी कुठेच नसते. प्रत्येक प्रसंग आपापल्या फाइलमध्ये असतो. एक्स्पोर्टचं बटण दाबलं की सॉफ्टवेअर त्यातले तुकडे निवडतं, ओळीने लावतं, त्यांना शीर्षकं आणि फॉन्ट देतं, मग ते सगळं डॉक्स किंवा ईपबच्या साच्यात भरतं. आणि ती फाइल शेवटी दुसरंच कुठलं तरी सॉफ्टवेअर उघडतं. निवड, रूप, बांधणी आणि वाचन असे हे चार टप्पे. यांपैकी पाणी नेमकं कुठे मुरतंय ते कळल्याशिवाय एकाही सेटिंगला हात लावू नये. बहुतेक जण उलटं करतात. घाईत दहा सेटिंग बदलतात, एक दोष जातो, दोन नवे येतात, आणि कशामुळे काय झालं हे मग कुणालाच सांगता येत नाही. तुमच्या यादीतले पाच दोष एकाच बिघाडाचे नाहीत. ते वेगवेगळ्या टप्प्यांवरचे आहेत, म्हणूनच सॉफ्टवेअर पुन्हा टाकून काही झालं नाही.

टप्पा ओळखायची सोपी चाचणी म्हणजे आधी साध्या मजकुरात, टीएक्सटीमध्ये, एक्स्पोर्ट करून बघणं. त्यात फॉन्ट नसतो, मांडणी नसते, चित्रं नसतात. या फाइलमध्येही ती दोन प्रकरणं नसतील तर दोष निवडीत किंवा प्रसंगाला लागलेल्या लेआउटमध्ये आहे आणि फॉन्ट बदलत बसण्यात अर्थ नाही. प्रकरणं आहेत, पण डॉक्समध्येच काहीतरी बिघडतं, तर दोष पुढच्या टप्प्यांवर आहे. मग आरटीएफ, म्हणजे फॉन्ट आणि ठळक-तिरपं जपणारी साधी फाइल, करून बघा. आरटीएफ नीट आणि डॉक्स बिघडलेली असेल तर बांधणीकडे बघायचं. डॉक्स तुमच्या मशीनवर नीट आणि प्रकाशकाकडे बिघडलेली असेल तर वाचनाकडे, म्हणजे बहुधा फॉन्टकडे.

गायब प्रकरणांपासून सुरुवात करू. स्क्रिव्हनर फक्त मसुद्याच्या फोल्डरमधलं कंपाइल करतो, म्हणजे एक्स्पोर्टसाठी एकत्र बांधतो. त्याचं नाव ‘ड्राफ्ट’ असतं, कादंबरीचा साचा वापरला असेल तर ‘मॅन्युस्क्रिप्ट’. एखादं प्रकरण लिहिताना ‘रिसर्च’मध्ये किंवा बाहेरच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये गेलं असेल तर ते बाइंडरमध्ये (डावीकडच्या यादीत) डोळ्यांसमोर असूनही एक्स्पोर्टमध्ये येत नाही. दुसरं कारण म्हणजे त्या प्रकरणाची ‘इन्क्लूड इन कंपाइल’ची टिक निघालेली असणं. जुना खर्डा बाजूला ठेवताना आपण ती काढतो आणि नंतर त्याच खर्ड्याचं प्रकरण झालं की परत लावायला विसरतो. तिसरं कारण मी सगळ्यांत जास्त पाहतो. कंपाइलच्या खिडकीत उजवीकडे कोणता भाग घ्यायचा ते ठरवणारी यादी आणि गाळणी असते. कधीतरी एकच भाग कुणाला वाचायला द्यायचा म्हणून तिथे ‘करंट सिलेक्शन’ निवडलेलं असतं, आणि ते प्रकल्पासोबत तसंच राहतं. महिन्यांनी पूर्ण कादंबरी काढायला जावं तर तिचा तुकडाच हाती येतो.

शीर्षक आहे पण मजकूर नाही, याचं कारण मात्र वेगळं आहे आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे. स्क्रिव्हनर ३ मध्ये प्रत्येक दस्तऐवजाला एक ‘सेक्शन टाइप’ असतो: हा भाग आहे, हे प्रकरण आहे, हा प्रसंग आहे, असं. प्रत्येक टाइपला कंपाइलच्या वेळी एक ‘सेक्शन लेआउट’ जोडलेला असतो आणि त्या लेआउटमध्ये शीर्षक छापायचं का, मजकूर छापायचा का, याच्या स्वतंत्र टिका असतात. तुम्ही बाकी सगळीकडे प्रकरणाचं फोल्डर करून प्रसंग त्याच्या पोटात ठेवले, पण दोन-तीन प्रकरणं घाईत फोल्डरशिवाय थेट वरच्या पातळीवर लिहिली, असं झालं असणार. टाइप पातळीवरून आपोआप ठरत असेल तर स्क्रिव्हनर त्या मजकुराला ‘प्रकरणाचं शीर्षक’ समजतो. त्या लेआउटमध्ये मजकुराची टिक नसते, म्हणून मजकूर गळतो. सॉफ्टवेअरने सांगितलं तेच केलं आहे. यावर दोन उपाय आहेत: तो मजकूर प्रकरणाच्या फोल्डरमध्ये एक पातळी आत ढकला, किंवा तेवढ्या दस्तऐवजांचा सेक्शन टाइप हाताने ‘प्रसंग’ करा. पहिला उपाय मला जास्त पटतो, कारण मग रचना आणि छापील रूप यांत तफावत उरत नाही.

शीर्षक दोनदा येण्याची गोष्टही इथलीच. तुम्ही बाइंडरमध्ये फोल्डरला ‘प्रकरण १’ असं नाव दिलं आणि लेआउटनेही आपोआप क्रमांक घातला की पानावर ‘प्रकरण १ प्रकरण १’ असं उमटतं. दोघांपैकी एकाकडेच ते काम ठेवा. मी क्रमांक नेहमी सॉफ्टवेअरकडे सोपवतो आणि फोल्डरला फक्त अर्थपूर्ण नाव देतो. प्रकरणांची अदलाबदल झाली तरी क्रमांक बिनचूक राहतात.

इतर सॉफ्टवेअरमध्येही हाच टप्पा वेगळ्या नावाने असतो. वायरायटरमध्ये प्रसंगावर ‘अनयूज्ड’ अशी खूण असेल तर तो एक्स्पोर्टमध्ये येत नाही. मॅन्युस्क्रिप्टमध्ये (हे के अक्षराने लिहिलं जाणारं मुक्त सॉफ्टवेअर) आराखड्यातल्या प्रत्येक घटकाला ‘कंपाइल’ची टिक असते, आणि डॉक्स-ईपबसाठी पॅनडॉक (एका प्रकारच्या फाइलची दुसऱ्या प्रकारची करणारं साधन) वेगळं बसवावं लागतं, ते नसेल तर ते पर्याय मिळतच नाहीत. नॉव्हेलरायटरमध्ये शीर्षकाआधी किती हॅश चिन्हं आहेत त्यावरून भाग, प्रकरण की प्रसंग हे ठरतं. एक हॅश कमी-जास्त झाला तर प्रकरणाचा प्रसंग होतो आणि त्याचं शीर्षक छापील पानातून नाहीसं होऊ शकतं.

टिका, टाइप, गाळणी सगळं ठीक असूनही एखादा प्रसंग कोराच येत असेल तर संशय क्लाउडवर घ्या. प्रकल्प क्लाउडच्या फोल्डरमध्ये असेल आणि जागा वाचवण्यासाठी ‘हव्या तेव्हाच उतरवा’ अशी सोय चालू असेल, तर काही फाइली तुमच्या डिस्कवर फक्त नावापुरत्या असतात. हे आत डोकावून तपासता येतं. स्क्रिव्हनरचा प्रकल्प हे मुळात एक फोल्डर आहे. विंडोजवर ते सरळ उघडतं, मॅकवर त्यावर राइट-क्लिक करून ‘शो पॅकेज कन्टेन्ट्स’ निवडावं लागतं. आत ‘फाइल्स’, त्यात ‘डेटा’, आणि त्यात लांबलचक आकडे-अक्षरांच्या नावांची खूप फोल्डरं दिसतील. एकेका फोल्डरमध्ये ‘कन्टेन्ट’ नावाची आरटीएफ फाइल असते, तोच तुमचा प्रसंग. कशालाही हात न लावता फक्त त्यांचे आकार बघा. शून्य बाइटची फाइल किंवा क्लाउडचं चिन्ह असलेली फाइल दिसली तर ते फोल्डर ‘कायम या मशीनवर ठेवा’ असं करा, सगळं उतरेपर्यंत थांबा आणि मग प्रकल्प उघडा. त्याच नावाची, शेजारी ‘कॉन्फ्लिक्ट’ असं लिहिलेली दुसरी फाइल दिसली, तर प्रकल्प दोन मशीनवर एकाच वेळी उघडला गेला होता असं समजा. दोन्ही फाइली आधी बाहेर कॉपी करून घ्या आणि मगच कोणती खरी ते ठरवा.

आता मराठी मजकुराकडे वळतो. परदेशी मदतपुस्तिकांमध्ये याबद्दल फारसं सापडत नाही आणि आपल्याकडचे लेखक इथेच सर्वांत जास्त अडतात.

बिघडलेलं अक्षर कसं दिसतं, यावरून बिघाड कुठला ते कळतं. चौकोन दिसत असतील तर मजकूर आत सुरक्षित आहे, फक्त त्या ठिकाणी लावलेल्या फॉन्टमध्ये ती अक्षरं नाहीत. कंपाइलच्या साच्यात फॉन्ट बदलण्याचा पर्याय चालू असतो आणि तिथे बहुधा रोमन फॉन्ट ठरलेला असतो. पडद्यावर सिस्टिम गुपचूप दुसरा देवनागरी फॉन्ट उसना घेते, म्हणून लिहिताना काहीच जाणवत नाही. पीडीएफ बनवणाऱ्या भागाला मात्र ते जमेलच असं नाही. साच्यात नोटो सेरिफ देवनागरी, मुक्ता किंवा विंडोजवर निर्मला असा युनिकोड देवनागरी फॉन्ट स्पष्टपणे निवडा. फक्त ‘ॲ’च्या जागी चौकोन येत असेल तर फॉन्ट जुना आहे. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीच्या फॉन्टांमध्ये ते नसतं.

प्रश्नचिन्हं दिसत असतील तर गोष्ट गंभीर आहे, कारण त्या फाइलपुरता मजकूर खरोखर गेला असण्याची शक्यता असते. आरटीएफ फाइल एखाद्या साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून बघा. तिथे ‘म’ हे अक्षर तुम्हाला ‘म’ म्हणून दिसणार नाही. उलटा तिरका दांडा, त्यापुढे यू, मग २३५० हा आकडा आणि त्याच्यापुढे एक प्रश्नचिन्ह असं दिसेल. २३५० हा ‘म’चा युनिकोड क्रमांक आहे आणि ते प्रश्नचिन्ह युनिकोड न कळणाऱ्या वाचकासाठी ठेवलेला पर्याय आहे. आकडे जागेवर असतील तर फाइल निर्दोष आहे आणि तिला उघडणारं सॉफ्टवेअर जुनं आहे. आकडेच नसतील, नुसती प्रश्नचिन्हं असतील, तर ती फाइल टाकून द्या आणि मूळ प्रकल्पातून पुन्हा काढा. अशी फाइल दुरुस्त होत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ए, त्यामागे गोल चलनचिन्ह किंवा येनचं चिन्ह, आणि हीच जोडी ओळभर पुन्हा पुन्हा. यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड मजकूर साठवण्याच्या पद्धतीत) देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला तीन बाइट लागतात आणि त्यातले पहिले दोन जवळपास तेच ते असतात. वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने ते बाइट पाश्चात्त्य संकेतात वाचले की असं दिसतं. फाइल पुन्हा उघडा आणि उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा, एवढंच पुरतं. मात्र बिघडलेली दिसत असताना ती सेव्ह करू नका, नाहीतर दिसतोय तो बिघाडच फाइलमध्ये कायमचा लिहिला जातो.

फॉन्ट बदलल्याबरोबर मजकुराची रोमन अक्षरं आणि चिन्हं झाली, तर तो भाग युनिकोडमध्ये नाही. जुन्या श्रीलिपी, आकृती किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली प्रकरणं नव्या प्रकल्पात चिकटवली की हे होतं. एक्स्पोर्टच्या सेटिंगमध्ये यावर काहीही उपाय नाही. तेवढी प्रकरणं आधी त्या-त्या फॉन्टच्या कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणायची आणि ओळ न् ओळ वाचायची, कारण जोडाक्षरांत हमखास चुका राहतात.

आणखी एक दोष इतका बारीक आहे की तो नजरेतून निसटतो. ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘दुसऱ्या’ या शब्दांतला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो. एका पद्धतीत खाली टिंब असलेला ‘ऱ’ आणि हलन्त असतो. दुसऱ्या पद्धतीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्याला न दिसणारं एक जोडचिन्ह असतं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण मजकुरातली ‘अदृश्य घाण’ साफ करणारी काही रूपांतरं ते न दिसणारं चिन्ह उडवून टाकतात आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. डोंगरदऱ्यांतली वाट समुद्रात जाते आणि शुद्धलेखन तपासनीस एक शब्दही बोलत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबरच आहेत. एक्स्पोर्ट केलेल्या फाइलमध्ये ‘दुसर्या’ असा रफार दिलेला शब्द शोधून बघा. एक जरी सापडला तरी मूळ प्रकल्पात सगळीकडे जुनी पद्धत बदलून ‘ऱ’ची पद्धत करा. स्क्रिव्हनरमध्ये प्रकल्पभर शोधून बदलण्याची सोय आहे. शोधायचा भाग मजकुरातूनच कॉपी करून चिकटवा, म्हणजे न दिसणारं चिन्हही त्यासोबत येईल.

वर्डमध्ये अक्षर लहान-मोठं दिसतं, तो तुमचा दोष मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यापायी लेखक तासन् तास घालवतात. वर्ड देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ मानतो आणि तिच्यासाठी फॉन्ट, आकार, ठळकपणा, तिरपेपणा हे सगळं वेगळ्या खात्यात ठेवतो. रोमनचं एक खातं, देवनागरीचं दुसरं. डॉक्स फाइल ही खरं तर झिप फाइल आहे. एक प्रत काढा, तिच्या नावाचं शेपूट झिप असं बदला, आत ‘वर्ड’ फोल्डरमधली ‘डॉक्युमेंट’ नावाची एक्सएमएल फाइल उघडा. तिथे आकारासाठी ‘एसझेड’ अशी खूण दिसेल, समोर २४ असेल. हे मोजमाप अर्ध्या पॉइंटात असल्याने याचा अर्थ १२ पॉइंट. देवनागरीचा आकार ‘एसझेड-सीएस’ या वेगळ्या खुणेत असतो. एक्स्पोर्ट करणाऱ्या सॉफ्टवेअरने फक्त पहिली खूण लिहिली असेल तर तुमचा १२ पॉइंट आकार रोमन अक्षरांनाच लागतो आणि मराठी मजकूर मूळ शैलीतल्या कुठल्यातरी आकारात राहतो. ठळक केलेलं मराठी वाक्य साधंच दिसतं, त्याचंही हेच कारण.

यावर उपाय वर्डमध्येच करायचा. मजकूर निवडून एकेक ओळ दुरुस्त करू नका. ‘नॉर्मल’ आणि शीर्षकांच्या शैली उघडून त्यांच्या फॉन्टच्या खिडकीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ या भागात फॉन्ट आणि आकार द्या. तो भाग दिसतच नसेल तर ऑफिसच्या भाषांमध्ये मराठी जोडा, मग दिसतो. लिब्रेऑफिसमध्ये याला सीटीएल म्हणतात. तिथेही पर्यायांमधल्या भाषेच्या विभागात ते चालू करून शैलीमध्ये सीटीएलचा फॉन्ट वेगळा द्यावा लागतो. हे एकदा केलं की ती फाइल साचा म्हणून ठेवा आणि पुढचे एक्स्पोर्ट त्या शैलींवर चढवा. तिरप्या अक्षरांबद्दल एक सूचना: बहुतेक देवनागरी फॉन्टांमध्ये खरी तिरपी जात नसते, सॉफ्टवेअर सरळ अक्षर ओढून वाकवतं. पत्र, मनातले विचार, आठवणी यांसाठी तिरपं अक्षर वापरलं असेल तर प्रकाशकाला तसं सांगा. काही वेळा अवतरणचिन्हं किंवा आत सरकवलेला परिच्छेद जास्त शोभतो.

पीडीएफबद्दल माझं मत ठाम आहे: मराठी कादंबरीची पीडीएफ लेखनाच्या सॉफ्टवेअरमधून थेट काढू नये. डॉक्स किंवा ओडीटी (लिब्रेऑफिसची फाइल) काढा, शैली नीट करा आणि तिथून पीडीएफ करा. वर्ड आणि लिब्रेऑफिस दोन्ही जोडाक्षरं योग्य जुळवतात आणि फॉन्ट फाइलमध्ये समाविष्ट करतात. पीडीएफमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे गेली असेल किंवा जोडाक्षर फुटून हलन्त उघडा दिसत असेल, तर अक्षरजुळणी न येणाऱ्या भागाने ती बनवली आहे असं समजा. मजकुरात चूक नाही. पॅनडॉक वापरणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. त्याचा नेहमीचा मार्ग पीडीएफलाटेक या पीडीएफ बनवणाऱ्या साधनातून जातो आणि ते देवनागरी अक्षरापाशी चूक दाखवून थांबतं. त्याऐवजी झीलाटेक निवडा आणि मुख्य फॉन्ट म्हणून देवनागरी फॉन्ट, सोबत त्याची लिपी देवनागरी, असं सांगा. फॉन्ट सांगायचा राहिला तर पीडीएफ तयार होते, पण शब्दांच्या जागा कोऱ्या येतात आणि इशारा फक्त संदेशांमध्ये कुठेतरी असतो. तो वाचा.

मार्कडाउनवर (साध्या मजकुरातच चिन्हांनी मांडणी सांगण्याच्या पद्धतीवर) चालणाऱ्या साधनांत कादंबरीकाराच्या सवयीच आड येतात. परिच्छेदाच्या सुरुवातीला चार स्पेस दिल्या की तो परिच्छेद संगणकाचा कोड समजला जातो. संवादाची ओळ डॅश आणि स्पेसने सुरू केली तर संवादांची ठिपक्यांची यादी होते. परिच्छेदांमध्ये कोरी ओळ सोडली नसेल तर दोन्ही परिच्छेद एक होतात.

ईपबमध्ये परिच्छेद चिकटतात ते याच जातीच्या कारणाने. ईपबच्या आत वेबपानं असतात आणि वेबपान सलग स्पेस नि कोऱ्या ओळी गिळून टाकतं. दोन प्रसंगांमधलं अंतर तुम्ही एंटर दाबून सोडलं असेल तर ते नाहीसं होण्याचीच शक्यता जास्त. प्रसंगांमध्ये तीन तारका किंवा ठरवलेलं विभाजक चिन्ह घाला, आणि परिच्छेदाचं आत सरकणं टॅबने न करता शैलीतून करा. पुस्तकाच्या माहितीत भाषा मराठी निवडा, मोठ्याने वाचून दाखवणारी साधनं त्यावर अवलंबून असतात. मग फाइल ईपबचेकमधून काढा. हे फुकट साधन चूक कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीत आहे ते सांगतं. ईपब सुटं करून दुरुस्त केल्यावर साध्या झिपने पुन्हा बांधू नका. त्यातली ‘माइमटाइप’ नावाची फाइल सर्वांत आधी आणि न दाबता ठेवायची असते. सिजिल किंवा कॅलिबरमध्ये दुरुस्ती केली की ते आपोआप पाळलं जातं. किंडलसाठी जुन्या प्रकारची मोबी फाइल काढायच्या मागे लागू नका, ईपबच द्या.

राहिली न उघडणारी डॉक्स. आरटीएफ आणि टीएक्सटी नीट निघतात आणि फक्त डॉक्स-ईपब खराब होतात, असं असेल तर मजकुरात एखादं नियंत्रण चिन्ह (डोळ्याला न दिसणारं, संगणकासाठीचं चिन्ह) अडकलेलं असण्याची दाट शक्यता आहे. डॉक्स आणि ईपब दोन्ही आतून एक्सएमएल वापरतात आणि एक्सएमएलला टॅब आणि ओळबदल सोडून बाकी नियंत्रण चिन्हं चालत नाहीत. पीडीएफमधून किंवा वेबपानावरून संदर्भाचा उतारा उचलून थेट चिकटवला की अशी चिन्हं सोबत येतात. ती शोधायची पद्धत अशी: पहिली वीस प्रकरणं कंपाइल करा. फाइल उघडली तर दोष उरलेल्या विसांत आहे, नाही उघडली तर पहिल्या विसांत. मग दहा, मग पाच, असं निम्मं करत गेलात तर चाळीस प्रकरणांमधलं दोषी प्रकरण जास्तीत जास्त सहा फेऱ्यांत हाती लागतं. त्या प्रकरणातही प्रसंगांवर हेच करा. सापडलेला प्रसंग साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये चिकटवा, तिथून उचलून नव्या कोऱ्या दस्तऐवजात ‘फक्त मजकूर’ म्हणून चिकटवा आणि जुना दस्तऐवज कंपाइलमधून वगळा. प्रचंड मोठी चित्रं आणि वेबवरून आलेली कोष्टकंही याच पद्धतीने पकडली जातात.

फाइल मुळात तयारच होत नसेल तर आधी साधी कारणं बघा. त्याच नावाची जुनी फाइल वर्डमध्ये उघडी असेल तर विंडोज तिच्यावर लिहू देत नाही. फोल्डरात फोल्डर करत मार्ग २६० अक्षरांपलीकडे गेला तर बरीच सॉफ्टवेअर अडतात. प्रकरणं सुटी एक्स्पोर्ट करत असाल आणि एखाद्या शीर्षकात प्रश्नचिन्ह किंवा विसर्गासारखी दिसणारी दोन टिंबं असतील, तर विंडोजवर त्या नावाची फाइल बनू शकत नाही. विंडोजचं खंडणीखोर व्हायरसपासूनचं संरक्षण चालू असेल तर ते ‘डॉक्युमेंट्स’मध्ये अनोळखी सॉफ्टवेअरला लिहू देत नाही. चाचणी म्हणून डिस्कवर नवं फोल्डर करा, फाइलला छोटं रोमन नाव द्या आणि तिथे एक्स्पोर्ट करून बघा.

तुमच्या बाबतीत मी या क्रमाने जाईन: प्रकल्पाची प्रत, टीएक्सटी, फोल्डरबाहेरच्या प्रकरणांची जागा, कंपाइलची गाळणी, मग डॉक्स उघडेपर्यंत निम्मं-निम्मं, आणि वर्डच्या शैली सर्वांत शेवटी. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदला आणि फाइलच्या नावात क्रमांक घाला. प्रकाशकाला पाठवण्याआधी टिप्पण्या आणि कंसातल्या स्वतःसाठीच्या नोंदी कंपाइलमध्ये वगळल्या आहेत का ते बघा, प्रकल्पातला शब्दांचा आकडा आणि वर्डमधला आकडा ताडून बघा, प्रत्येक प्रकरणाचं पहिलं आणि शेवटचं वाक्य वाचा. डॉक्स फाइल स्वतःच्या मशीनवर नीट दिसते यावर विसंबू नका, तुमचे फॉन्ट तिथे आधीपासून आहेत. ती दुसऱ्या कुणाच्या मशीनवर उघडून बघा, आणि प्रकाशकाला फॉन्टचं नाव कळवा. एवढं करूनही अडलं तर मदत मागताना सॉफ्टवेअरची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, कोणत्या प्रकारची फाइल काढली आणि टीएक्सटीच्या चाचणीत काय झालं, हे चार तपशील द्या. सोबत संपूर्ण कादंबरी न पाठवता दोष दिसणारा एकच प्रसंग नव्या रिकाम्या प्रकल्पात घालून पाठवा.